कांदा परतेपर्यंत एकच प्रश्न

वाचकाचं पत्र:

मी परदेशातल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करते. दीड वर्ष झालं. गेले दोन महिने माझ्या क्यूपीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून मोजायच्या तंत्रात) एक घोळ चालू आहे. निगेटिव्ह कंट्रोलच्या (तुलनेसाठी ठेवलेल्या) वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या खळग्यात, नमुन्याऐवजी नुसतं पाणी असतं, तिथे काहीच यायला नको, तरी अधूनमधून पस्तिसाव्या सायकलच्या (प्रती वाढवायच्या फेरीच्या) आसपास सिग्नल येतो. कधी येतो, कधी नाही. दिवसभर लॅबमध्ये त्याच्यामागे धावायचं, साडेसातला घरी यायचं आणि पेपर वाचत ब्रेड खायचा, असं चाललं होतं. शेवटी पोटानेच तक्रार केली, म्हणून महिन्यापूर्वी रोज रात्री स्वयंपाक करायला लागले. ठरवलं होतं की त्या तासाभरात शांतपणे कामाचा विचार करायचा. पण एक तर भाजी करपते, नाहीतर मीटिंगमध्ये पीआय (लॅबचे प्रमुख) जे बोलले तेच डोक्यात फिरत राहतं. क्वचित काही चांगलं सुचतं, ते भांडी घासेपर्यंत विसरलेलं असतं. माझ्याबरोबर घरात राहणारी मैत्रीण म्हणते, "रोज तास फुकट घालवतेस, तयार जेवण आण आणि वाचत बस." मलाही अपराधी वाटतं. स्वयंपाक करताना संशोधनाचा विचार खरंच होतो का, की मी स्वतःची समजूत घालते आहे?

उत्तर:

होतो, आणि तुम्ही स्वतःची समजूत घालत नाही आहात. अडचण एवढीच आहे की सुरी चालवणं, प्रश्न सोडवणं आणि मीटिंगमध्ये लागलेलं बोलणं पचवणं, हे सगळं तुम्ही एकाच तासात एकदम करायला बघताय. आणखी एक. स्वयंपाकाच्या वेळात प्रश्न सोडवायचा नसतो, मुरू द्यायचा असतो. आणि मुरायचं तर आधी बरणीत काहीतरी भरलेलं असावं लागतं.

आन्री प्वांकारे या गणितज्ञाचा प्रसंग अनेकांना ठाऊक असतो. सहलीला निघालेले असताना कुतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि ते ज्यावर काम करत होते त्या फुक्सियन नावाच्या गणिती फलनांबद्दलची महत्त्वाची गोष्ट त्यांना सुचली. सांगताना लोक बसची पायरी सांगतात आणि तिच्या दोन्ही बाजू सोडून देतात. त्याआधी त्यांनी या फलनांवर दिवसचे दिवस टेबलाशी बसून काम केलं होतं. आणि सुचलेलं बरोबर आहे की नाही, हे त्यांनी परत आल्यावर बसून तपासलं. तुमचं स्वयंपाकघर म्हणजे ती मधली पायरी. आधीचं आणि नंतरचं काम तिथे होत नाही.

याची प्रयोगातूनही तपासणी झाली आहे. सांता बार्बराच्या विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2012 साली असा निकाल मांडला की मधल्या सुट्टीत हलकं, फारसं डोकं न लागणारं काम केलेल्यांना जुन्या प्रश्नांवर जास्त नवी उत्तरं सुचली. अवघड काम केलेल्यांना किंवा नुसतं बसून राहिलेल्यांना तेवढी सुचली नाहीत. हा फायदा फक्त सुट्टीआधी हाताळलेल्या प्रश्नांवर दिसला, नव्या प्रश्नांवर नाही. पुढे हा प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना दर वेळी तोच निकाल मिळालेला नाही, त्यामुळे त्याचा मंत्र करू नका. पण आपल्या कामापुरतं त्यातून एवढं घ्यायला हरकत नाही: काम हलकं हवं आणि प्रश्न आधी हाताळलेला हवा. या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत.

आधी प्रश्न. लॅबमधून निघण्यापूर्वीची पाच मिनिटं राखून ठेवा. बेंचपाशी नाही, आपल्या लिहिण्याच्या टेबलाशी बसा. ग्लव्ह्ज काढलेले, कोट खुंटीला, हात साबणाने धुतलेले. बेंचवरचा कागद आणि पेन स्वयंपाकघरात कधीही न्यायचं नाही. जिथे रसायनांनी जेल रंगवतात तिथला कागद कांद्याशेजारी नको. एका कोऱ्या कार्डावर काय अपेक्षित होतं, काय दिसलं आणि आता काय विचारायचं, एवढंच लिहा. तुमच्या बाबतीत ते साधारण असं होईल: "अपेक्षा: पाण्याच्या वेलमध्ये काही नाही. दिसलं: 12 रनपैकी 5 मध्ये 35 च्या आसपास सिग्नल. प्रश्न: त्या 5 दिवसांत असं काय होतं, जे उरलेल्या 7 दिवसांत नव्हतं?"

शेवटची ओळ नीट बघा. "कंटॅमिनेशन (नको त्या डीएनएची भेसळ) का होतंय?" असा प्रश्न घेऊन चुलीपाशी उभं राहिलात तर मन चारी दिशांना धावतं आणि थोड्या वेळाने दमून मीटिंगमधल्या वाक्यावर येऊन बसतं. "त्या 5 दिवसांत सारखं काय?" या प्रश्नाला धरायला जागा आहे. त्यात दिवस आहेत, वस्तू आहेत, माणसं आहेत. कांदा परतता परतता ते दिवस डोळ्यांपुढून जाऊ शकतात.

आकडे आधी खरे करून घ्या, अंदाजाने लिहू नका. सायबर ग्रीन (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) वापरत असाल तर निघण्यापूर्वी त्या रनचे मेल्ट कर्व्ह (तुकडा कोणत्या तापमानाला सुटा होतो ते दाखवणारे आलेख) उघडून बघा. पाण्याच्या वेलमधला उंचवटा तुमच्या खऱ्या तुकड्यापेक्षा कमी तापमानाला येत असेल तर बहुधा प्रायमर डायमर आहे, म्हणजे प्रती सुरू करून देणारे छोटे डीएनए तुकडे (प्रायमर) एकमेकांनाच चिकटले आहेत. मग चर्चा प्रायमरच्या प्रमाणाची आणि अ‍ॅनीलिंग तापमानाची (प्रायमर डीएनएला चिकटतात त्या तापमानाची). दोन्ही उंचवटे एकाच तापमानाला येत असतील तर खरा तुकडाच कुठूनतरी पाण्यात पडतोय. हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. यातला कोणता घरी न्यायचा, हे लॅबमध्येच ठरलं पाहिजे, कारण चुलीपाशी मेल्ट कर्व्ह उघडता येत नाही आणि उघडूही नये.

आता स्वयंपाक. विचाराच्या दिवशी नवा पदार्थ करू नका, हे आम्ही अगदी आग्रहाने सांगतो. नवी पाककृती हे अवघड काम आहे. प्रत्येक पायरीला वाचायचं, मोजायचं, घाबरायचं. तुमची भाजी करपते ती बहुधा यामुळेच. हाताला पाठ असलेला एकच पदार्थ निवडा. तो असा असावा की सुरुवातीला हाताला काम, मधे लांबलचक परतणं, शेवटी आपोआप शिजणं. कांदा घालून केलेली मसूर डाळ यात चपखल बसते, म्हणून तिचंच माप देतो.

एका माणसाच्या दोन जेवणांसाठी सोललेली मसूर डाळ 100 ग्रॅम, मध्यम आकाराचे दोन कांदे, एक गाजर, एक टोमॅटो, लसणाच्या दोन पाकळ्या, तेल दीड मोठा चमचा, पाणी 400 मिलीलिटर, मीठ सुरुवातीला पाऊण छोटा चमचा. शिजवायला जाड बुडाचं पातेलं घ्या. पातळ बुडाचं असेल तर हा सगळा बेत फसतो, कारण दर अर्ध्या मिनिटाला बुडाकडे बघावं लागतं.

पहिली दहा मिनिटं धुण्याची आणि चिरण्याची. या दहा मिनिटांत प्रश्नाचा विचार करायचा नाही. सुरी हातात असताना मन दुसरीकडे गेलं की बोट कापतं. पण त्याहून मोठं कारण असं की दिवसभराचा गलका खाली बसायला एवढा वेळ लागतोच. कांदा उभा अर्धा कापा, सपाट बाजू पाटावर ठेवा, बोटांची टोकं आत वळवा, आणि काप एकसारखे पडताहेत की नाही एवढंच बघा. काप एकसारखे का हवेत? कारण पुढची वीस मिनिटं त्यावर अवलंबून आहेत. जाड-बारीक काप एकत्र असले की बारीक करपतात, जाड कच्चे राहतात, आणि तुम्हाला सारखं पातेल्यात डोकावावं लागतं. चिरताना पाटाखाली ओला कपडा घाला, पाट सरकणार नाही. डाळ धुऊन निथळत ठेवा, गाजर आणि लसूण चिरून घ्या, टोमॅटो चिरून वेगळ्या वाटीत ठेवा. सगळं चिरून झाल्याशिवाय चूल पेटवायची नाही. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. तेल तापत असतं, इकडे कांदा अर्धाच चिरलेला असतो, आणि मग सगळा तास पळापळीत जातो.

मग खरा वेळ सुरू होतो. तेल मध्यम तापलं की कांदा घाला, वर चिमूटभर मीठ टाका, त्याने पाणी लवकर सुटतं. आच मध्यमपेक्षा जरा कमी ठेवा. पाककृतींमध्ये "कांदा पाच मिनिटं सोनेरी होईपर्यंत परता" असं सर्रास लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. एकसारखा सोनेरी व्हायला वीसेक मिनिटं लागतात, गडद तपकिरी हवा असेल तर चाळीसपर्यंत. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. ते पाणी आहे तोवर कांद्याचं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि रंग आणणाऱ्या क्रिया वेगाने व्हायला साधारण 140 अंश लागतात. म्हणून आच वाढवून घाई केली की कडा जळतात आणि आतला भाग पांढरा राहतो. ही वीस मिनिटं कोणालाच कमी करता येत नाहीत. तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे.

पहिली पंधरा मिनिटं दोन-दोन मिनिटांनी एकदा उलथनं फिरवलं तरी पुरतं. कांदा आधी पारदर्शक होतो, मग मऊ पडून आकसतो, आणि पाण्याचा चुरचुर आवाज हळूहळू कोरडा, बारीक होत जातो. त्या आवाजाकडे कान ठेवा. आवाज कोरडा झाला की विचार थांबवून पातेल्याकडे लक्ष द्यायचं, कारण शेवटच्या चार-पाच मिनिटांत रंग झपाट्याने बदलतो. बुडाला तपकिरी थर लागायला लागला तर दोन चमचे पाणी टाकून खरवडून घ्या, तो थर चवीचाच असतो. काळा झाला तर मात्र कडू, मग खरवडू नका, वरचा कांदा दुसऱ्या पातेल्यात काढा.

कार्ड मात्र समोर डोळ्यांच्या उंचीवर लावलेलं हवं, शिंतोडे उडणार नाहीत एवढं लांब. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. घरच्यांचा फोन याच वेळेला येत असेल तर आठवड्यातले हे दोन-तीन दिवस त्यांना वेगळी वेळ सांगून ठेवा. एका कानाला फोन लावून कांदाही नीट होत नाही आणि बोलणंही.

आता या पंधरा मिनिटांत विचार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आमचा सल्ला असा की प्रश्न मराठीत, मोठ्याने, स्वतःला सांगा. तुम्ही दिवसभर परक्या भाषेत बोलता, आणि त्या भाषेतले तयार शब्द उणिवा झाकून टाकतात. "बॅकग्राउंड कंटॅमिनेशन आहे" हे वाक्य मीटिंगमध्ये खपून जातं. तेच मराठीत सांगायला घ्या: "माझ्या पाण्यात तो तुकडा येतोय." लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो, येतोय म्हणजे कुठून येतोय? बाटलीतून, पिपेटच्या टिपेतून, हवेतून, शेजारच्या वेलमधून? "डेटा नॉर्मलाइज केला" असं म्हणून सुटता येतं, पण मराठीत "कशाने भागलं?" याचं उत्तर द्यावंच लागतं. "सिग्निफिकंट फरक आला" याचंही तसंच. "फरक किती? पाच टक्के की पन्नास? आणि किती वेळा करून पाहिलंस?" असं कोणी मराठीत विचारलं की पी-व्हॅल्यू (संख्याशास्त्रातला तो आकडा) सांगून भागत नाही. जिथे मराठी वाक्य अडतं तिथे बहुतेक वेळा शब्द अडलेला नसतो, समज अडलेली असते. ती जागा लक्षात ठेवा.

मग ते 5 दिवस एकेक करून आठवा. त्या सकाळी कोणती पिपेट घेतली होती? पाण्याची अ‍ॅलिकॉट (वाटून ठेवलेली छोटी नळी) नवी उघडली होती की कालचीच? आदल्या संध्याकाळी त्याच बेंचवर कोणी पीसीआर झालेल्या नळ्या उघडल्या होत्या का? झालेल्या पीसीआरची नळी उघडली की त्यातल्या कोट्यवधी प्रतींपैकी काही हवेत आणि बेंचवर जातात, आणि कंटॅमिनेशनचा सगळ्यात नेहमीचा उगम हाच असतो. प्लेटमध्ये पाण्याची वेल कुठे होती, भरपूर डीएनए असलेल्या नमुन्याच्या शेजारी की लांब कोपऱ्यात? मनातल्या मनात लॅबच्या दारातून आत शिरा आणि त्या दिवशी जसं वावरलात तसं वावरा. हातात उलथनं असताना हे आठवणं सोपं जातं असा पुष्कळांचा अनुभव आहे, कारण हात फिरत असतात, बसून केलेल्या आठवणीसारखं ते जबरदस्तीचं होत नाही. काही सुचलं नाही तरी चालेल. कांदा तरी होतोच आहे.

कांदा झाला की लसूण अर्धा मिनिट, मग गाजर, डाळ, पाणी. आता एक व्यवहाराची गोष्ट. टोमॅटो आत्ता घालायचा नाही. आंबट पदार्थात डाळ मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून तो डाळ शिजल्यावर शेवटची पाच मिनिटं. तुम्ही आहात तिथलं पाणी जड असेल, म्हणजे किटलीत पांढरा थर साचत असेल, तरी हेच होतं, डाळ शिजता शिजत नाही. चिमूटभर खायचा सोडा घातला की काम होतं, जास्त घातला तर साबणासारखी चव येते. उंचावरच्या गावात पाणी कमी तापमानाला उकळतं, दर 300 मीटरला साधारण एक अंश, तिथेही वेळ वाढतो. नवीन देशात गेल्यावर ओळखीचाच पदार्थ वेगळा वागतो तो अशा कारणांनी. पहिले दोनतीन वेळा फक्त वेळ मोजा, विचाराचा आग्रह धरू नका. चूल विजेची असेल तर बंद केल्यावरही तिची तबकडी बराच वेळ तापलेली राहते, तेव्हा उतू जाणारं पातेलं आधी बाजूला उचलायचं, मग बटण. इंडक्शनवर उलट, आच लगेच जाते, पण बुडाला लोहचुंबक चिकटेल अशीच भांडी चालतात.

डाळीला उकळी आली की फेस येतो. झाकण पूर्ण लावलंत तर उतू जाणार, म्हणून चमचा आडवा ठेवून त्यावर तिरपं ठेवा. आच मंद करा आणि पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावा, फोनवर नाही, साध्या घड्याळावर. आता हात मोकळे आहेत, आणि सुचलेलं लिहायची वेळ हीच आहे. जेवण झाल्यावर नाही.

ऑटो लोवी या शास्त्रज्ञांना मज्जातंतू हृदयापर्यंत संदेश रसायनातून पोचवतात हे दाखवणारा प्रयोग झोपेत सुचला. उठून त्यांनी चिटोऱ्यावर खरडलं आणि पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. सुदैवाने दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा आली, आणि या खेपेला ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकांच्या दोन हृदयांवरचा तो प्रयोग 1921 साली प्रसिद्ध झाला आणि 1936 साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. दुसऱ्या रात्रीचा भरवसा आपण धरू नये.

म्हणून कार्डाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा. ओल्या हातांनी पेनची शाई पसरते. "क्रॉस-कंटॅमिनेशन??" असं प्रश्नचिन्हांसकट लिहिलेलं दुसऱ्या दिवशी काहीच सांगत नाही. पूर्ण वाक्य लिहा, आणि सोबत ते खोटं कसं ठरेल तेही. उदाहरणार्थ: "आदल्या दिवशी बेंचवर पीसीआरच्या नळ्या उघडल्या असतील तरच सिग्नल येतो. डायरीत तारखा बघायच्या. नळ्या न उघडलेल्या दिवसानंतरही सिग्नल आला असेल तर हे चूक." एवढं लिहिलंत की काम झालं. त्याच्यापुढे चुलीपाशी आराखडे आखत बसू नका, डाळ बुडाला लागेल. स्वयंपाकघर सामाईक असेल तर जेवण झाल्यावर कार्ड बॅगेत टाका. अप्रकाशित कामाच्या नोंदी फ्रिजवर लटकत राहू देऊ नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईमेल उघडण्याआधी दहा मिनिटं त्या कार्डाला द्या. बहुतेक कल्पना दिवसाच्या उजेडात टाकाऊ निघतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जी उरेल ती तारीख घालून लॅबच्या वहीत उतरवा. इथे एक धोका आहे. रात्री सुचलेल्या कल्पनेचा उत्साह एवढा असतो की सकाळी माणूस पाणी, प्रायमर, टिपा, बेंच सगळंच एकदम बदलतो. कंटॅमिनेशनमध्ये सगळ्या अ‍ॅलिकॉट फेकून नव्याने सुरुवात करणं हा व्यवहारी मार्ग आहेच, बेंच आणि पिपेटी पातळ ब्लीचने पुसून नंतर पाण्याने पुसणंही आलंच. पण फेकण्याआधी जुन्या अ‍ॅलिकॉटमधली एकेक वेगवेगळी तपासून घ्या. नाहीतर घोळ थांबेल, कारण कळणार नाही, आणि महिन्याभरात तो परत येईल.

आता पीआयच्या बोलण्याचं. दुखरी जागा ही आहे, हे तुमच्या पत्रावरून जाणवलं. परक्या देशात, दिवस मावळल्यावर, एकटीने चुलीपाशी उभं असताना मीटिंगमधलं वाक्य जितकं लागतं तितकं मीटिंगमध्येही लागलेलं नसतं. विचार कुठे संपतो आणि उगाळणं कुठे सुरू होतं, हे ओळखायची सोपी खूण आहे. तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं आणि त्यात एकही नवा तपशील नसेल तर ते उगाळणं. हात भराभर चालायला लागले, आच वाढवली गेली, हीसुद्धा खूण. तेव्हा त्याच्याशी भांडू नका, भांडलं की ते वाढतं. दुसरं कार्ड घ्या आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून काढा. त्याखाली लिहा: "यात माझ्या कामाबद्दल नेमकं काय म्हटलं? कोणत्या आकृतीबद्दल? मी त्यांना काय विचारणार, कधी?" "मलाच असं का?" या प्रश्नाला चुलीपाशी उत्तर मिळत नाही. "कोणती आकृती?" याला मिळतं. उद्या अकराला जाऊन विचारायचं ठरलं की डोकं त्या वाक्याला बऱ्याच अंशी सोडतं. नाहीच सोडलं, तर त्या रात्री कामाचा विचार बंद. गाणी लावा आणि नुसता कांदा परता. आणि हे उगाळणं दोन आठवडे रोज चाललं, झोप उडाली, भूक मेली, तर त्याला स्वयंपाकाचा उपाय नाही. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात वेळ घ्या. बहुतेक विद्यापीठांत ही सोय असते आणि पोस्टडॉकनाही ती मिळते का, हे एका ईमेलने कळतं.

रोज असं करू नका. आठवड्यातून तीन दिवस पुष्कळ झाले. बारा तास उभं राहून आलेल्या दिवशी प्रश्नाचं कार्ड बॅगेतच राहू द्या आणि उरलेली डाळ गरम करून खा. उरलेल्याबद्दल मात्र काटेकोर राहा, कारण विचारात बुडालेल्या माणसाच्या हातून नेमकी इथेच चूक होते. डाळ दोन तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये गेली पाहिजे, तीन दिवसांत संपवायची. भात असेल तर तासाभरात फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. भातातल्या बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलटीचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रभर चुलीवर राहिलेला भात टाकूनच द्या. राजमा करणार असाल तर तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळा उकळलेला हवा. मंद आचेच्या कुकरमध्ये कच्चा टाकून अभ्यासाला बसायचं नाही, त्यातलं विष कमी तापमानाला टिकतं. आणि तेल तापत असताना "तेवढी एक आकृती बघून येते" म्हणून खोली सोडायची नाही. स्वयंपाकघरात लागणाऱ्या आगींचं एक मोठं कारण दुर्लक्षित चूल हेच आहे. धुराच्या गजरावर पिशवी बांधायची नाही. आधी पंखा लावा, मग तेल तापवा.

घरातल्या मैत्रिणीला काय सांगायचं? काही सांगू नका. तास फुकट गेला की नाही, हे तिच्याशी वाद घालून ठरणार नाही. कार्डं एका डब्यात साठवा. दीड महिन्याने सगळी बाहेर काढा आणि त्यातली किती लॅबच्या वहीत गेली ते मोजा. एकही गेली नसेल तर हा तास फक्त जेवणासाठी ठेवा. रोजचं गरम, घरचं जेवण मिळतंय, तेवढ्यासाठीही तो तास योग्यच आहे, त्याला संशोधनाची सबब लागत नाही. चार-पाच गेली असतील तर पद्धत तुम्हाला लागू पडली.

उद्या निघण्यापूर्वी ते मेल्ट कर्व्ह उघडा आणि पहिलं कार्ड लिहा. डायरीतल्या तारखा जुळल्या की नाही, ते आम्हाला जरूर कळवा.